सोबत कोण? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मोतीबिंदूचं प्रकरण

आमच्या शिबिराच्या वहीत माईंच्या नावापुढे तीन वेळा तीन शब्द पडले : नकार, अनफिट, गैरहजर. तिन्ही माझ्याच अक्षरात. चौथी नोंद वहीत नाही, थेट केसपेपरवर झाली. ती लिहून घेत होते तेव्हा माई उजव्या डोळ्यावर तळवा दाबून बाकावर वाकून बसल्या होत्या आणि त्यांची सून पिशवीचं तोंड उघडं धरून त्यांच्या ओकारीची वाट बघत होती.

त्या एका डोळ्याचं काय झालं आणि दुसरा कसा वाचला, याचा हा तपशील. माई हे त्यांचं नाव नव्हे, वाड्यावर सगळे त्यांना तसंच हाक मारतात. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासते, चष्म्याचा नंबर काढते; शस्त्रक्रिया करत नाही. ज्या संस्थेसाठी काम करते तिचंही नाव इथे येणार नाही, कारण चुका बहुतेक आमच्याच आहेत.

गोव्यात कसला आलाय दुर्गम भाग, असं बाहेरचे लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कळंगुटचा किनारा असतो. एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, दरडोई उत्पन्नात देशात अगदी वरच्या रांगेतलं. नकाशावर बोट ठेवलं तर सत्तरीचा कुठलाही वाडा बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून फार लांब दिसत नाही. पण माईंच्या घरातून डांबरी रस्त्यापर्यंत यायला कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, बांधावरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, मध्ये एक ओहळ आहे, पावसात त्यावर सुपारीचं खोड टाकलेलं असतं. सकाळची कदंबा बस चुकली की तालुक्याचं ठिकाण वाळपई गाठेपर्यंत दुपार होते. डोळस माणसाला हा रस्ता काहीच नाही. ज्याला दोन मीटरपलीकडची बोटं मोजता येत नाहीत त्याच्यासाठी ते सुपारीचं खोड म्हणजे अख्खा रस्ता.

वहीतली पहिली नोंद

पहिल्यांदा भेटल्या त्या मांडाशेजारच्या, म्हणजे गावच्या उत्सवाच्या जागेशेजारच्या, सभामंडपात, फेब्रुवारीत. आम्ही सहा मीटरची दोरी टाकून एका टोकाला स्टूल आणि दुसऱ्या टोकाला ई-चार्ट लावतो. ज्याला अक्षरं येत नाहीत त्याने फक्त ई-ची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. माई स्टुलावर बसल्या, चार्ट कुठे आहे ते विचारलं आणि हसल्या. सगळ्यात वरचा मोठा ई-सुद्धा दिसत नव्हता. मी बोटं दाखवत जवळ जवळ गेले. डाव्या डोळ्याला दोन मीटरवर बोटं कळली. उजव्याला फक्त हात हललेला कळला. टॉर्च मारला तर बाहुलीत दुधाची साय धरल्यासारखा पांढरा मोतीबिंदू.

चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल तर त्याला अंधत्व म्हणतात. म्हणजे निरोगी डोळा जे साठ मीटरवरून ओळखतो ते ओळखायला तीन मीटरच्याही आत यावं लागणं. आपल्याकडे २०१७ पर्यंत ही रेषा ६/६० होती, नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेतली. या हिशेबाने माई अंध होत्या. पण हे वाक्य मी त्यांच्या घरात बोलले तेव्हा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "आई घरात सगळं करते. अंध कशी?"

त्याचंही खोटं नव्हतं. मी नंतर घरी गेले तेव्हा पाहिलं, माई अंगणात बसून काजूच्या बोंडांपासून बिया वेगळ्या करत होत्या. बोंड डाव्या मुठीत, उजव्या हाताचा अंगठा देठाच्या उलट्या बाजूला, एक पीळ, बी खाली टोपलीत, बोंड मागे डब्यात. मान वर, नजर कुठेच नाही. किडकी बी आली की ती बोटांना कळायची, बाजूला जायची. झाडाखालची बी त्या पायाच्या बोटांनी शोधत. ज्या बाईने पन्नास वर्षं त्याच झाडांखाली काढली तिला दिसेनासं झालं हे घराच्या लक्षात यायला वेळ लागतो. हळूहळू जाणारी नजर गाजावाजा करत नाही. माईंनी आधी सुईत दोरा ओवणं सोडलं, मग तांदूळ निवडणं, मग एकटीने ओहळ ओलांडणं. त्यातलं प्रत्येक काम सुनेने न बोलता आपल्याकडे घेतलं. सगळ्यांना वाटलं, वय झालं.

२०१५ ते २०१९ या काळात देशभर जे अंधत्वाचं सर्वेक्षण झालं, त्यात पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं, आणि त्यातलं ६६.२ टक्के निव्वळ मोतीबिंदूमुळे. म्हणजे तिघांतले दोघे अशा कारणाने अंध आहेत जे वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेने जातं आणि बहुतेक ठिकाणी ती फुकट होते. मग ते अंध का राहतात? अहवालांत याला 'जनजागृतीचा अभाव' असं एक उत्तर ठरलेलं आहे. हा शब्द मीही अनेकदा टाइप केलाय. माईंच्या बाबतीत तो साफ चुकीचा होता. त्यांना मोतीबिंदू आहे हे पाच वर्षांपासून माहीत होतं. ऑपरेशन होतं हे माहीत होतं. फुकट होतं हेही माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, "अजून पिकला नाही. पिकू दे, मग काढू." हा सल्ला एके काळी बरोबर होता. भिंग डोळ्यात बसवण्याची सोय नव्हती तेव्हा आवरणासकट सगळं नैसर्गिक भिंग काढून टाकायचे आणि त्यानंतर माणसाला बाटलीच्या बुडासारखा दहा नंबरचा चष्मा जन्मभर घालावा लागायचा. थोडंफार दिसत असताना हा सौदा तोट्याचा, म्हणून पूर्ण दिसेनासं होईपर्यंत थांबायचं. आता कृत्रिम भिंग आत बसतं, आणि मोतीबिंदू जितका कडक तितकी शस्त्रक्रिया अवघड. पण 'पिकणं' हा शब्द बागेतला आहे. बोंड पिकल्याशिवाय काढत नाहीत, फणस पिकल्याशिवाय काढत नाहीत. बागाईतदार माणसाला हे इतकं पटतं की पुढे कुणी कितीही समजावलं तरी मनात एक पाय मागे राहतो. मी आता कुणापुढेही 'पिकलेला मोतीबिंदू' म्हणत नाही. 'जुना झाला' म्हणते.

त्या वर्षी शस्त्रक्रियेची तारीख निघाली मार्चमधली. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. घरातल्या चारही हातांना पहाटेपासून काम, भट्टी पेटलेली, बोंडं एक दिवस पडली तरी आंबतात. माई म्हणाल्या, "आता नको बाय, पावसाआधी बघू." मी वहीत लिहिलं : नकार.

दुसरी आणि तिसरी

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्या आल्या. मुलाने खाडा केला, गाडीत बसून दोघं शहरातल्या रुग्णालयात पोहोचले. तिथे शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत रक्तातली साखर ३४२ निघाली. त्यांना मधुमेह आहे हे तोपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. इतक्या साखरेवर डोळा उघडणं म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणं, तेव्हा परत पाठवणं योग्यच होतं. पण "साखर कमी करून या" एवढ्या चार शब्दांवर परत पाठवलं, ते योग्य नव्हतं. कुठे जायचं, कुठली गोळी, पुन्हा कधी तपासायचं, कुणी फोन करणार का, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. वहीत : अनफिट.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. जिथे दर चार प्रौढांमागे एकाला साखर आहे, तिथे मोतीबिंदूच्या यादीतला माणूस साखरेवरून माघारी येणार हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. ग्लुकोमीटर आमच्या शिबिराच्या पेटीत होता. तो शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, नाव लिहितानाच बाहेर काढायचा, एवढी साधी गोष्ट आम्ही त्यानंतर शिकलो.

तिसऱ्या वेळी जानेवारी. मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे, शिफ्ट आठवड्याला बदलते. नोव्हेंबरातला खाडा त्याच्या अंगावर आला होता. सून म्हणाली मी नेते, पण दोन मुलांना शाळेच्या बालरथात बसवून मग निघायचं म्हणजे आठ वाजणार, आणि आमची गाडी डांबरी रस्त्यावर साडेसहाला. चालकाने पंधरा मिनिटं वाट पाहिली. वाड्यावर मोबाइलला रेंज नाही. गाडी गेली. वहीत : गैरहजर.

आषाढातले चार दिवस

जून अखेरीस एका रात्री माईंचं डोकं दुखायला लागलं, उजव्या बाजूला, भुवईपासून मागे कवटीपर्यंत. सकाळी उलट्या. घरात पित्त म्हणून सोलांचं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या एका खासगी डॉक्टरांनी पित्ताचंच इंजेक्शन दिलं. डोळा लाल आहे हे सुनेने सांगितलं होतं, त्यावर डोळे आल्याची साथ आहे असं उत्तर मिळालं आणि एक थेंबाची बाटली. तिसऱ्या दिवशी ओहळ भरून वाहत होता. चौथ्या दिवशी दोन शेजाऱ्यांनी माईंना खुर्चीवर बसवून पलीकडे आणलं.

जुना मोतीबिंदू कधी कधी पाणी शोषून फुगतो. फुगलेलं भिंग बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला पुढे ढकलतं, त्यामुळे डोळ्यातलं पाणी वाहून नेणारी कडेची मोरी बंद होते आणि आतला दाब चढत जातो. साधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरमध्ये असतो. माईंचा ५२ होता. एवढ्या दाबाखाली डोळ्यामागची नजरेची नस तासागणिक मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. शिवाय हा दाब मळमळ आणि उलटी आणतो, त्यामुळे डोळ्याचं दुखणं पोटाचं वाटतं. पित्त म्हणून चार दिवस गेलेले असे रुग्ण माझ्या माहितीतच अनेक आहेत. हे वाचणाऱ्यांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं : मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं एका बाजूचं डोकं दुखतंय, त्याच बाजूचा डोळा लाल आहे आणि उलट्या होताहेत, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रात्र काढू नये.

शिरेतून मॅनिटॉल, गोळ्या, थेंब, असं करून दाब खाली आणला. साखर इन्सुलिनने आटोक्यात ठेवून तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. भिंग फुगलेलं आणि गाभा दगडासारखा, त्यामुळे फेकोऐवजी (बारीक छेदातून यंत्राने भिंग फोडून काढण्याऐवजी) थोडा मोठा बोगदा करून, टाक्यांशिवाय, हाताने भिंग काढलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. माईंचं दुखणं थांबलं. नजर मात्र आली नाही. मागची नस पांढरी पडली होती. आजही उजव्या डोळ्याने त्यांना एका मीटरवरची बोटं कळतात, तीही कडेकडेने.

दोन बाटल्या

इथपर्यंतची गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही नवी नाही. मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते यापुढचं.

घरी जाताना माईंना दोन बाटल्या दिल्या होत्या. एकीत स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक, दिवसातून सहा वेळा. दुसरीत टिमोलॉल, दाब कमी ठेवण्यासाठी, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. दोन्ही पाच मिलीच्या, दोन्ही पांढऱ्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, दोन्हींवर बारीक इंग्रजी अक्षरं. सिस्टरने सुनेला समजावलं, सुनेने मान डोलावली. डिस्चार्जच्या फॉर्मवर एक चौकट असते, 'थेंब घालणारी व्यक्ती साक्षर आहे का'. सून दहावी झालेली. चौकटीत टिक.

आठवड्याने तपासणीला आल्या तेव्हा डोळा अपेक्षेपेक्षा लाल होता, आत सूज होती. माई म्हणाल्या, "उठले की घेरी येते." नाडी बघितली तर मिनिटाला ४८. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनेला म्हटलं, "वयनी, बाटल्या आणल्यात का? कसे घालता ते मला दाखवा."

तिने पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या. एक उचलली, आणि वाचायला हात लांब केला. आणखी लांब केला. मान मागे घेतली, डोळे बारीक केले, बाटली खिडकीच्या उजेडाकडे वळवली. मग म्हणाली, "ही सहा वेळची." ती टिमोलॉल होती.

सात दिवस दाबाचा थेंब सहा वेळा आणि सुजेचा थेंब दोन वेळा जात होता. टिमोलॉल डोळ्यातून नाकात आणि नाकातून रक्तात उतरतं, त्याने नाडी मंदावते. थेंब टाकल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं बोट दाबून धरलं तर ते कमी उतरतं, हेही कुणी शिकवलं नव्हतं. माईंना दमा नव्हता हे नशीब. दमेकऱ्याला हीच चूक जिवावर बेतू शकते.

वयनींचं वय चव्वेचाळीस. मी जवळच्या अक्षरांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. सगळ्यात वरची, मथळ्याएवढी ओळ वाचता आली, त्याखालचं सगळं धूसर. पावणेदोन नंबरची भिंगं पुढे धरली तर शेवटची बारीक ओळ घडाघडा. पेपर वाचणं चार वर्षांपूर्वी सोडलं, म्हणाल्या, "वेळ होत नाही" म्हणून. तांदळातले खडे मुलगी काढते. काजूची बी प्रतवारीने लावताना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता जाते आणि जवळचं दिसेनासं होतं, याला आजार म्हणावं इतकंही ते मोठं नाही. पण आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा मिळाला त्यांची खुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी वाढली. चष्मा अगदी साधा, स्वस्तातला.

तीन वर्षांत तीन शिबिरं त्या मांडावर झाली. तिन्ही वेळा वयनी तिथे होत्या, सासूचा हात धरून. आम्ही तीन वेळा सासूचे डोळे तपासले. जिच्या डोळ्यांवर सासूचे डोळे अवलंबून होते तिला एकदाही स्टुलावर बसवलं नाही.

त्या दिवशी मी काउंटरवरून एक रबरबँड घेतला आणि स्टेरॉइडच्या बाटलीला दोन वेढे देऊन चढवला. "रबर असलेली सहा वेळा. डोळे मिटूनही कळेल." माईंनी हात पुढे करून बाटली चाचपली. "ही मलाच कळते," म्हणाल्या. काजूची किडकी बी ओळखणारी ती बोटं. त्यानंतर सहाही वेळा बाटली निवडायची ती माईंनी, थेंब घालायचा वयनींनी, असं ठरलं. नाडी चार दिवसांत पूर्ववत झाली.

डावा डोळा

डाव्या डोळ्याची तारीख या वेळी आम्ही दिली नाही, विचारली. वयनींनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "चवथ झाल्यावर आणि भात कापायच्या आधी." म्हणजे सप्टेंबरची अखेर. त्यांच्या डोक्यात ही खिडकी आधीपासून तयार होती, आजवर कुणी विचारली नव्हती. चतुर्थीला नेवऱ्या तळायला चुलीपाशी बसायचं, धूर, पाहुणे, दोन वेळचं अंगावर येणारं काम. ऑपरेशन आधी झालं असतं तर माईंनी डोळ्याला हिरवं फडकं बांधून चुलीपाशीच बसणं पत्करलं असतं, यात शंका नाही.

मधल्या अडीच महिन्यांत साखरेकडे उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी लक्ष दिलं, आणि या प्रकरणात कुणाचं खरं श्रेय असेल तर त्यांचं. त्यांनी 'भात बंद' असलं काही सांगितलं नाही. तीन वेळच्या पेजेची वाटी बदलून लहान केली, संध्याकाळचं नाचणीचं तिजण गुळाशिवाय करायला लावलं, गोळी सकाळच्या पेजेबरोबर बांधून दिली आणि दर आठवड्याला बोट टोचलं. सप्टेंबरात जेवणानंतरची साखर १७० च्या आसपास स्थिरावली.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी चार्टजवळ उभी होते. पट्टी निघाल्यावर पहिलं काय दिसतं याच्या हृद्य गोष्टी शिबिरांच्या स्मरणिकांत छापतात. माईंनी आधी भिंतीकडे बघितलं, मग शेजारी उभ्या सुनेकडे वळल्या आणि बराच वेळ निरखून म्हणाल्या, "तुझे केस कधी पिकले गो?" वॉर्डातले सगळे हसले. वयनी हसता हसता पदर डोक्यावर ओढायला लागल्या.

त्या दिवशी चष्म्याशिवाय ६/१८, सहा आठवड्यांनी चष्म्यासह ६/९. भिंग स्वच्छ झाल्यावर मागचा पडदा पहिल्यांदाच नीट दिसला : मधुमेहाचे अगदी सुरुवातीचे ठिपके. त्यासाठी आता दर वर्षी तपासणी. मोतीबिंदू काढला की संपलं असं मधुमेही डोळ्याचं नसतं, आणि एकच डोळा कामाचा असेल तर मुळीच नाही.

वहीत काय बदललं

मी 'नकार', 'अनफिट' आणि 'गैरहजर' हे तिन्ही शब्द वहीतून काढले. ते बघून तिसरा माणूस समजतो की दोष रुग्णाचा. त्याऐवजी कारण लिहायचं, एक वाक्य : 'काजू, मेनंतर', 'साखर ३४२, नर्सबाईंना कळवलं', 'गाडी साडेसहाला, सून आठला मोकळी'. असं लिहिलं की पुढचं काम काय ते त्याच ओळीत दिसतं. शेवटच्या उदाहरणात तर उत्तर हास्यास्पद सोपं होतं. गाडी दोन तास उशिरा सोडायची.

आणि एक नवा रकाना घातला : सोबत. कोण येणार, तो दिवस त्याच्या कामाचा काय आहे, थेंब कोण घालणार, आणि त्या माणसाची जवळची नजर किती. सोबत येणाऱ्याला आम्ही कार्ड वाचायला देतोच. गरज असेल तर साधा चष्मा तिथल्या तिथे. यावर आमच्याकडच्या बैठकीत वाद झाला. एका वरिष्ठांचं म्हणणं, प्रत्येक नातेवाइकाला तपासत बसलो तर दिवसाला ऐंशी माणसांचं शिबिर पन्नासावर येईल, आणि अहवालात शस्त्रक्रियांचा आकडा बघतात, चष्म्यांचा नाही. आकडा खाली आला, हे खरं. त्यांचा मुद्दा मी खोडून काढू शकलेले नाही. फक्त आठवड्यानंतरच्या तपासणीला येणाऱ्यांत थेंबांची अदलाबदल मला अजून पुन्हा दिसलेली नाही, एवढंच सांगितलं.

रकाना भरणं मात्र सोपं नाही. तरुण पोरं पर्वरी-पणजीकडे खोली घेऊन राहतात, घरी दोनच म्हातारी माणसं, दोघांनाही मोतीबिंदू. अशा घरापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवते.

गेल्या शिबिराच्या यादीत माईंच्या शेजारच्या एक विधवा काकी होत्या. मुलगा परदेशी बोटीवर, सून माहेरी बाळंतपणाला. सोबतचा रकाना रिकामा. गाडीच्या दिवशी डांबरी रस्त्यावर काकींचा हात धरून माई उभ्या. वयनींनी जुना चष्मा दोरी बांधून त्यांच्या गळ्यात अडकवला होता आणि मनगटावर तीन-चार रबरबँड. आमच्या नियमात सोबतीचा माणूस साठीच्या आतला हवा असं लिहिलंय. मी नियम वाचून दाखवला नाही. चालकाने दार उघडून दोघींकडे आलटून पालटून बघितलं आणि मला विचारलं, "ह्यांतली पेशंट कोण?"

काकींचा रक्तदाब त्या दिवशी फार चढलेला निघाला. दोघी संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. चिठ्ठी नर्सबाईंकडे गेली आहे, पुढची तारीख मार्गशीर्षातली.